शेवटचे वीस किलोमीटर

पुणे ते कन्याकुमारी. सायकलवरून. तेही एकटीनं! सतरा दिवसांच्या टूरमधला सगळ्यात अवघड दिवस कुठला, असं आता सगळे विचारतात. खंबाटकीचा चढ? केरळातला चिकचिकाट? छे! सगळ्यात अवघड होता तो शेवटचा दिवस. आणि तो नेमका कुठला, हेही मला फार उशिरा कळलं...

पहाटे पावणेपाचला मोबाइलचा गजर वाजला आणि मी तो चक्क स्नूझ केला. सोळा दिवसांत पहिल्यांदाच.

तिरुअनंतपुरममधली साधीशी लॉज. खिडकीच्या गजाला दोरी बांधून वाळत घातलेली सायकलिंग शॉर्ट्स अजून ओलीच. भिंतीला टेकून उभी असलेली सायकल, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकलेल्या बॅगा. कन्याकुमारी फक्त नव्वद किलोमीटरवर. म्हणजे रोजच्यासारखाच एक दिवस. दुपारपर्यंत पोचलेच असते. आणि नेमकं तेच मला नको होतं!

लांबच्या टूरवर निघालात ना, की पहिले चार दिवस शरीर तुमच्याशी भांडतं. मांड्या, गुडघे, मान आणि अर्थातच सीट! पाचव्या-सहाव्या दिवशी ते गप्प बसतं. मग हळूहळू एक वेगळीच चटक लागते. सकाळी उठायचं, टायर दाबून बघायचे, चेनला तेल द्यायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि निघायचं. दिवसभरात निर्णय घ्यायचे ते चारच. कुठे खायचं, कुठे थांबायचं, पाणी कधी भरायचं, झोपायचं कुठे. ना स्टँडअप मीटिंग, ना 'क्विक कॉल', ना शुक्रवारी संध्याकाळी सहाला येणारं 'अर्जंट' मेल. मी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा पगार घेते. सतरा दिवस माझ्यासमोर एकच काम होतं आणि ते रोज संध्याकाळी पूर्ण होत होतं. आपल्यापैकी किती जणांना ऑफिसात असं वाटतं, सांगा बरं!

म्हणून शेवटच्या दिवशी पाय चालेनात. दुखत होते म्हणून नाही. पोचलं की संपणार होतं म्हणून.

पाटी बदलते, चहा बदलतो

सहाला निघाले. शहर जागं व्हायच्या आत बाहेर पडलं की अर्धी लढाई जिंकली, हे एव्हाना कळलं होतं. हातमागाच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेलं बलरामपुरम मागे पडलं. नेय्याट्टिनकराच्या पुढे एका टपरीवर पुट्टू आणि कडला करी खाल्ली. तांदळाच्या पिठाची वाफवलेली नळकांडी आणि काळ्या हरभऱ्याची उसळ. सायकलवाल्यांसाठी याहून भारी नाश्ता नाही. दोन तास भुकेचं नाव नाही!

या पट्ट्यात सपाट रस्ता मिळेल, अशी माझी भाबडी समजूत होती. नकाशात समुद्र जवळ दिसतो ना! प्रत्यक्षात तिरुअनंतपुरमच्या पुढचा रस्ता सारखा वर-खाली, वर-खाली. एकही चढ मोठा नाही, पण एकही किलोमीटर फुकट मिळत नाही. दोन्ही बाजूंना रबराची झाडं, केळी, फणस, आणि घराला घर लागलेलं. गाव कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं, पत्ता लागत नाही.

साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर कलियिक्काविला आलं. केरळ-तमिळनाडूची सीमा. इथे गंमत आहे. पाट्यांवरची गोलगरगरीत मल्याळम अक्षरं जातात आणि तमिळ येते, पण माणसं दोन्ही भाषा बोलत राहतात. कारण हा सगळा जिल्हा १९५६पर्यंत त्रावणकोर-कोचीनचाच भाग होता. भाषावार प्रांतरचना झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ला तो तेव्हाच्या मद्रास राज्यात गेला. पुढे तक्कलैजवळ पद्मनाभपुरमचा सुंदर लाकडी राजवाडा आहे. त्रावणकोरच्या राजांची जुनी राजधानी. जमीन तमिळनाडूची, पण राजवाड्याची देखभाल आजही केरळ सरकार करतं. बेळगाव-कारवार ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे बघून जरा हेवाच वाटतो!

सीमेपलीकडच्या पहिल्या टपरीवर चहा घेतला. चवही बदललेली. राज्य बदलल्याची खरी पाटी तीच.

टण्ण!

मार्तंडमच्या गर्दीत शिरता शिरता मागून आवाज आला. टण्ण! असा आवाज सायकलवाल्याला झोपेतही ओळखू येतो. मागच्या चाकाचा स्पोक तुटला होता. सामानाचं सगळं वजन मागे, त्यामुळे तुटतो तो नेहमी मागचाच. चाक आउट झालं आणि ब्रेकला घासायला लागलं.

माझ्याकडे दोन जादा स्पोक होते, फ्रेमला चिकटपट्टीनं बांधून ठेवलेले. पण तुटलेला स्पोक गिअरच्या बाजूचा. तिथे पोचायला मागचे गिअर्स उतरवावे लागतात आणि तेवढं हत्यार मी बाळगलं नव्हतं. सतरा दिवसांत एकही स्पोक गेला नाही आणि आज, पन्नास किलोमीटर उरलेले असताना...

विचारत विचारत सायकलचं दुकान गाठलं. दुकान म्हणजे शटरच्या आत एक माणूस, एक हातोडी आणि छताला टांगलेले डझनभर टायर. त्याला माझं इंग्रजी येईना, मला त्याचं तमिळ. पण सायकल ही भाषा दोघांना येत होती. त्यानं तुटलेला स्पोक बघितला, माझ्या बॅगांकडे बघितलं आणि बोटानं विचारलं, कुठून? मी म्हटलं, "पुणे." त्यानं परत विचारलं, "ट्रेन?" मी मान हलवली आणि पेडल मारल्याची खूण केली. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याची थट्टा करतेय.

पाऊण तास लागला. त्यानं चाक फिरवून फिरवून, कान लावून, एकेक स्पोक बोटानं छेडून सरळ केलं. सत्तर रुपये घेतले. मी शंभर दिले तर तीस परत केले. निघताना रस्त्याकडे हात करून म्हणाला, "कन्याकुमारी, फुल ट्रू?" म्हणजे, सगळं खरंच सायकलवर?

मी हसले आणि "येस" म्हटलं.

आणि पुढचे दहा किलोमीटर त्या एका 'येस'नं माझं डोकं खाल्लं.

सातवा दिवस

आता खरं सांगायची वेळ आली.

निघण्याआधी ऑफिसात एक गोष्ट ठरली होती. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमन काकांच्या मुलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती आणि पहिल्या वर्षाच्या फीची जुळवाजुळव चालू होती. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मी जितके किलोमीटर चालवीन, तितके रुपये प्रत्येकानं द्यायचे. अठरा जण तयार झाले. एका किलोमीटरला एकेक रुपया. रोज रात्री मी व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडा टाकायचा. आज ९२. आज १०४. त्याखाली अंगठे, बदाम, टाळ्या.

सातव्या दिवशी कारवारहून निघून होन्नावरला पोचायचं होतं. गोकर्णचा मोह नडला, तिथे दोन तास गेले. कुमटा सोडलं तेव्हा अंधार पडला होता. आणि अचानक पाऊस. नोव्हेंबरअखेरीचा, अवकाळी, धो धो. त्यात मागचा लाल लाइट पाणी शिरून बंद पडला. महामार्गावर ट्रक जवळून जायचा, तेव्हा त्याच्या पाण्याचा फटका अंगावर बसून सायकल हातभर सरकायची. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिले. जाम घाबरले होते. खोटं कशाला बोलू?

एक टेम्पो थांबला. नवरा-बायको, मागे मासळीची रिकामी खोकी. बाई कोकणीत बोलत होत्या आणि मला बऱ्यापैकी समजत होतं. "बस गो," म्हणाल्या. सायकल खोक्यांवर आडवी टाकली. वीसेक किलोमीटर. होन्नावरला लॉजच्या दारात सोडलं आणि पैशांचं नावही काढू दिलं नाही.

त्या रात्री ग्रुपवर मी आकडा टाकला, कारवार ते होन्नावर, पूर्ण. सायकलच्या मीटरवर वीस कमी होते, पण मीटर कोण बघतंय?

आठ वाजता बाबांचा फोन आला. "पोचलीस का? पाऊस आहे का गं तिकडे?"

"हो बाबा, मघाशीच पोचले. थोडा शिंतडला, बाकी काही प्रॉब्लेम नाही."

का खोटं बोलले? तीनशेसाठ रुपयांसाठी? नाही हो. निघण्याआधी महिनाभर जो तो मला एकच शब्द ऐकवत होता. "एकटी?" शेजारच्या काकू, आत्या, ऑफिसमधले सीनियर, सायकलच्या दुकानातला पोरगासुद्धा. "एकटी जाणार?" त्या प्रत्येकाला मी हसून उत्तर दिलं होतं. आणि आता सातव्याच दिवशी पावसात घाबरून टेम्पोत बसले, हे सांगायचं म्हणजे त्या सगळ्यांच्या हातात आयतं कोलीत. 'बघ, आम्ही म्हटलं नव्हतं?' हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. बास, एवढंच कारण.

पण सोलो टूरची हीच तर गोम आहे. सोबत कुणी नसतं, म्हणून कुणाला काही कळत नाही. आणि सोबत कुणी नसतं, म्हणून ते विसरायला मदत करणाराही कुणी नसतो. पुढचे दहा दिवस मी रोज दोन आकडे डोक्यात घेऊन सायकल चालवत होते. एक ग्रुपचा, एक मीटरचा.

त्यांचे शेवटचे दिवस

तक्कलैच्या पुढे एका झाडाखाली बसून लाल केळी खाल्ली. या भागात ती ढिगानं मिळतात, एक खाल्लं तरी पोट भरतं. तेवढ्यात एका छोट्या टेम्पोवाल्यानं गाडी हळू केली आणि खुणेनं विचारलं, कन्याकुमारी? सायकल मागे टाकू? मी जवळजवळ ओरडलेच, "नको!" बिचारा दचकून निघून गेला.

मग बसल्या बसल्या मला वेदांगी कुलकर्णी आठवली. टूरच्या तयारीत मी तिच्याबद्दल वाचून काढलं होतं. पुण्याची मुलगी, इंग्लंडमध्ये शिकायला गेली आणि २०१८मध्ये विसाव्या वर्षी सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाली. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सुरुवात, चौदा देश, त्यातला बहुतेक प्रवास एकटीनं. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. २३ डिसेंबर २०१८ला तिनं कोलकात्यात २९ हजार किलोमीटरचा टप्पा पूर्ण केला. १५९ दिवसांत! पेपरांत फोटो आले, कौतुक झालं. पण बातमीच्या शेवटी एक छोटीशी ओळ होती. पर्थमध्ये जिथून सुरुवात केली, तिथपर्यंतचे साधारण १५ किलोमीटर अजून उरलेत आणि त्यासाठी ती पुन्हा ऑस्ट्रेलियाला जाणार आहे.

२९ हजारांपुढे १५ म्हणजे किती? पण नियम तसाच आहे. सायकलवरच्या जगप्रदक्षिणेच्या विक्रमासाठी किमान १८ हजार मैल, म्हणजे सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवावी लागते, एकाच दिशेनं जावं लागतं, पृथ्वीच्या गोलावरच्या अगदी समोरासमोरच्या दोन ठिकाणांवरून जावं लागतं आणि जिथून निघालात, तिथेच संपवावं लागतं. स्कॉटलंडचा मार्क बोमाँट २०१७मध्ये पॅरिसच्या 'आर्क द ट्रायम्फ'पासून निघाला आणि ७८ दिवस, १४ तास, ४० मिनिटांनी तिथेच परत आला. त्याच्या मदतीला गाडी होती, माणसं होती. त्याच्याच देशातली जेनी ग्रॅहम २०१८मध्ये बर्लिनहून निघून १२४ दिवसांत बर्लिनला परतली. मदतीला कुणी नाही, सगळं सामान स्वतःच्या सायकलवर!

पण मला जास्त जवळची वाटते ती आयर्लंडची डर्व्हला मर्फी. दहाव्या वाढदिवसाला तिला एक सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक भेट मिळालं आणि काही दिवसांतच तिनं ठरवून टाकलं, भारतात सायकलनं जायचं. जानेवारी १९६३मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, युरोपातल्या कडाक्याच्या थंडीत ती निघाली आणि जुलैमध्ये दिल्लीला पोचली. एकटी. वाटेत बर्फामुळे, रस्त्यांमुळे, दुखण्यामुळे तिला ट्रक आणि बसमध्ये बसावं लागलं. अफगाणिस्तानात तर एका बसमधल्या मारामारीत बंदुकीचा दस्ता लागून तिच्या बरगड्या मोडल्या. आणि हे सगळं तिनं आपल्या 'फुल टिल्ट' या पुस्तकात सरळ लिहून टाकलं. त्यामुळे तिचा प्रवास कुणालाही छोटा वाटला नाही. २०२२मध्ये ती गेली, तरी आजही एकट्यानं सायकल घेऊन निघणारे ते पुस्तक शोधून वाचतात.

आणि हाइन्झ स्ट्युके! जर्मनीतल्या होवेलहोफ गावातून १९६२मध्ये निघालेला हा माणूस पन्नासहून जास्त वर्षं सायकलवरच होता. सहा लाखांहून जास्त किलोमीटर. शेवटी परत आला तो त्याच गावात. पन्नास वर्षं 'शेवटचा दिवस' पुढे ढकलणारा मला समजू शकतो. मीही सकाळी गजर स्नूझ केलाच होता की!

तर मुद्दा काय? विक्रम करायचा असेल, तर नियम दुसरे लोक ठरवतात. तुमच्या-आमच्या टूरला ना नियम, ना पंच. पावसात टेम्पोत बसणं ही चूक नव्हतीच. डर्व्हलानंही तेच केलं असतं. चूक होती ती रात्री आठ वाजता, कोरड्या खोलीत बसून केलेली.

जमीन संपते तिथे

नागरकोविल ओलांडलं आणि वारा लागला. इथून थोड्या अंतरावर अरलवाइमोळीची खिंड आहे. पश्चिम घाटाच्या टोकाला पडलेली ही फट वाऱ्याला वाट करून देते, म्हणूनच तिथल्या मुप्पंदलमध्ये पवनचक्क्यांचं जंगल उभं आहे. वीज बनवायला उत्तम. सायकलवाल्याला मात्र वारा एका बाजूनं असा ढकलतो, की सरळ चालवताना तिरकं झुकावं लागतं. शेवटचे वीस किलोमीटर मी जेमतेम बाराच्या स्पीडनं गेले.

शुचिंद्रमला ठाणुमालयन मंदिराचं उंच गोपुर लांबूनच दिसतं. आजूबाजूला तळी, त्यांत कमळं आणि पांढरे पक्षी. तिथे मी उगाचच अर्धा तास बसून राहिले. दोनदा मोबाइल हातात घेतला आणि दोनदा ठेवला.

दुपारी सव्वातीनला कन्याकुमारी. रस्ता उताराला लागतो, दुकानं सुरू होतात, शंख, माळा, टोप्या, आणि मग एकदम समोर... समुद्र. पुढे रस्ताच नाही! सतरा दिवस 'पुढे काय' एवढंच बघायची सवय झालेली. इथे पुढे काहीच नव्हतं.

समोरच्या खडकावर विवेकानंद स्मारक. १९७०मध्ये पूर्ण झालेल्या या स्मारकामागे ज्यांनी जिवाचं रान केलं, ते एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. शेजारच्या खडकावर १३३ फुटी तिरुवल्लुवर. 'तिरुक्कुरळ'चे अध्याय १३३, म्हणून उंचीही तेवढीच. १ जानेवारी २०००ला त्याचं अनावरण झालं आणि डिसेंबर २०२४मध्ये दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूलही सुरू झाला.

मी सायकल कठड्याला टेकवली. कुणीतरी फोटो काढून दिला. मीटरवर १,५२८. ग्रुपवर माझ्या फोटोची वाट बघत अठरा जण ताटकळलेले. त्यांच्या हिशेबात १,५४८.

मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. भूक लागली होती आणि पोटात गोळाही आला होता. मग उभ्या उभ्याच टाइप केलं.

'पोचले! पण एक करेक्शन. सातव्या दिवशी कुमटा ते होन्नावर २० किमी मी टेम्पोतून गेले. पाऊस होता, मागचा लाइट बंद होता, घाबरले होते. तेव्हा सांगितलं नाही. एकूण १,५४८ नाही, १,५२८. प्रत्येकानं वीस रुपये कमी द्या.'

चार मिनिटं काहीच नाही. चार मिनिटं किती मोठी असतात, ते मला विचारा!

मग पहिला मेसेज आला, टीम लीडचा. 'टेस्टरनं स्वतःचाच बग रिपोर्ट केला. अप्रेझलमध्ये लिहितो.' त्याच्यामागोमाग हसण्याचे चेहरे, अंगठे, आणि एकीनं लिहिलं, 'त्या पावसात चालवली असतीस, तर मी तुझ्याशी बोलले नसते.' बास. दहा दिवस उरावर घेतलेलं ओझं या लोकांनी अडीच मिनिटांत चहाबरोबर संपवलं.

बाबांना मात्र फोनच केला. आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. घाटातले, पावसातले, रात्रीचे रस्ते त्यांनी तीस वर्षं बघितलेत. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

"रात्री पावसात मागचा दिवा नसलेली सायकल आम्हाला किती उशिरा दिसते, माहितीये का तुला?" ते म्हणाले. "बसलीस ते बरोबर केलंस." आणि मग जरा थांबून, "पण मला सांगायला काय झालं होतं गं?"

'बघ, म्हटलं नव्हतं?' हे वाक्य आलंच नाही. ज्या वाक्याच्या भीतीनं मी खोटं बोलले, ते बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. रडू तेव्हा आलं.

खरा शेवटचा दिवस

रजेचे तीन दिवस उरले होते. ठरल्याप्रमाणे कन्याकुमारीहून सरळ पुण्याची गाडी पकडायची होती. तिकीट रद्द केलं. मंगळुरूचं काढलं, सायकल लगेजमध्ये टाकली आणि तिथून सकाळच्या पॅसेंजरनं कुमट्याला उतरले.

वेडेपणा? असेल. कुणी मागितलं नव्हतं. ग्रुपवर हिशेब मिटला होता. पण मला तो रस्ता बघायचा होता.

आणि सांगू? बघण्यासारखं काही नव्हतं! सकाळची स्वच्छ उन्हं. धारेश्वर, हळदीपूर, कर्की. सुपारीच्या बागा, भाताची रिकामी शेतं, शाळेत निघालेली सायकलवरची पोरं. त्यातल्या दोघांनी माझ्याशी शर्यत लावली आणि जिंकलीही. त्या रात्री जो रस्ता मला गिळायला निघाला होता, तो दिवसाउजेडी एक साधा, धुळकट महामार्ग होता. पत्र्याचं ते बंद दुकान दिसलं. आता उघडं होतं. टायर-ट्यूबचं निघालं! मी तिथून मागचा लाल लाइट घेतला. एकशेवीस रुपये.

सव्वा तासात होन्नावर. लॉजच्या दारात थांबले. ना समुद्र, ना स्मारक, ना फोटो काढणारं कुणी. मीटरच्या १,५२८मध्ये हे वीस मिळवले. १,५४८.

तो माझ्या टूरचा शेवटचा दिवस. समोरच्या हॉटेलात बसून दोन बन्स आणि एक चहा मागवला आणि बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "त्या टेम्पोवाल्यांचा नंबर घेतला होतास का? आभार मानायला हवेत."

नव्हता घेतला. आता तो एक हिशेब राहिलाय. तेव्हा कधी कुमट्याजवळ पावसात मासळीचा टेम्पो चालवणारं जोडपं भेटलं, तर माझा नमस्कार सांगा.

तुम्हीही निघताय? मग शेवटच्या दिवसासाठी एवढं कराच!

* शेवटचा टप्पा छोटा ठेवा. साठ ते नव्वद किलोमीटर पुरे. मोडतोड झाली, तरी उजेडात पोचता आलं पाहिजे.

* केरळ आणि दक्षिण तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारी जास्त बरे. जून ते सप्टेंबर हा किनारा सायकलसाठी विसरा.

* मागचा लाल लाइट एक नाही, दोन ठेवा. एक सायकलला, एक बॅगेला. आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट. अंधार पडला, पाऊस आला, तर थांबा किंवा गाडीत बसा. त्यात काहीही कमीपणा नाही.

* आपल्या चाकाच्या मापाचे तीन-चार स्पोक, चेनची जोडकडी, दोन ट्यूब आणि गिअर काढायचं हत्यार सोबत हवंच. माझ्यासारखं 'इतके दिवस काही झालं नाही' म्हणू नका.

* परतीच्या गाडीत सायकल न्यायची, तर गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जा. तुमचं तिकीट दाखवून ती लगेज म्हणून बुक होते. आरसा, मीटर, लाइट, बाटल्या काढून घ्या. पुठ्ठा आणि गोणपाट गुंडाळा. नाव, फोन आणि स्टेशन ठळक लिहा. छोट्या स्टेशनवर गाडी जेमतेम मिनिटभर थांबते, तिथे लगेज उतरवता येत नाही. त्यामुळे मोठ्या स्टेशनपर्यंतच बुक करा.

* घरी आल्यावर सायकल एकदम बंद करू नका. भूक तशीच राहते, मेहनत थांबते आणि मनही खट्टू होतं. रोज अर्धा तास तरी चालवा.

* दुसऱ्याच दिवशी ऑफिसला जॉइन होऊ नका. मध्ये एक दिवस ठेवा. कपडे धुवायला, झोपायला. आणि राहून गेलेलं काही सांगायचं असेल, तर तेही सांगायला.